अनाशी, खीर आणि बिरडे : बेने इस्रायल स्वयंपाकघरातील मराठी

सणांना नावे धर्मशास्त्र देते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाच्या बाबतीत हे काम दीर्घकाळ स्वयंपाकघराने केले. तिश्री महिन्याच्या आरंभी येणारे हिब्रू नववर्ष हा त्यांचा ‘नव्याचा सण’. त्यानंतर चारच दिवसांत ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा कडक उपवास तो ‘दारफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. वसंतात मिसर देशातून झालेल्या सुटकेचे स्मरण करावयाचे तो ‘अनाशी ढाकायचा सण’, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’. या दिवसांना आज रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह, तिशा बेआव ही हिब्रू नावे त्या समाजातही रूढ झाली आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु जुनी नावे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, त्यांनी पंचांग चुलीपाशी सांभाळले, आणि ते मराठीत सांभाळले. या नावांकडे व त्यांच्यामागील पाकरीतीकडे आपण धर्मेतिहासाची तळटीप म्हणून पाहत आलो. वस्तुतः ती मराठीची सामग्री आहे व मराठीच्या अभ्यासकांनी ती मराठीत नोंदविली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

पूर्वपीठिका बहुतेकांस ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. अलिबागेजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांचे वंशज रायगड जिल्ह्यातील गावोगाव तेलघाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आडनावेही गावांवरून आली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर. हिब्रू विसरली गेली. प्रार्थनांपैकी एकटी ‘शेमा’ मुखी उरली.

पुढे दाविद रहाबी नावाचा एक परदेशस्थ धर्मबंधू त्यांच्यामध्ये आला, असे परंपरा सांगते. हे लोक खरोखर आपले आहेत काय, हे त्याला ठरवावयाचे होते. त्याने पोथी मागितली नाही, वंशावळ विचारली नाही. त्याने घरातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे रांधावयास ठेवले. त्या स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही असे सांगितले. एवढ्यावर त्याची खात्री पटली. ही कथा इतिहास म्हणून किती खरी, हा वाद येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, एका समाजाने आपल्या ओळखीचा पुरावा म्हणून जी कथा जपली, तीत साक्ष दिली ती मासे निवडणाऱ्या स्त्रियांनी. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या हे शेजारपाजारचे रोजचे जेवण, तेथे पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हात न लावणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. विसाव्या शतकात, १९६२ साली, इस्रायलमधील धर्मपीठाने या समाजाच्या विवाहांसाठी वंशशुद्धीच्या चौकशीचे नियम काढले, आणि त्याविरुद्ध १९६४ पर्यंत लढा द्यावा लागला. तेव्हा विचारले गेले ते कागद. रहाबीची परीक्षा मला त्याहून अधिक शहाणपणाची वाटते.

या स्वयंपाकघराचा खरा कणा म्हणजे नारळाचे दूध. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीन ठिकाणी आली आहे. तिच्यावरून मांस आणि दूधदुभते एका जेवणात एकत्र न आणण्याचा नियम निघाला. युरोपातील ज्यू गृहिणीला या नियमाने मोठी अडचण केली. लोणी नको, साय नको, मग सणाच्या जेवणानंतरचे पक्वान्न करावयाचे कशाचे, हा तिच्यापुढचा नित्याचा प्रश्न. कोकणातील गृहिणीला हा प्रश्न पडलाच नाही. परसात माड उभा होता. रस्सा नारळाच्या दुधात, खीर नारळाच्या दुधात, हलवाही नारळाच्या दुधात. तळणासाठी तूप नको, कारण तेल घरच्या घाण्यावरचे, आणि तेल हे मांसही नव्हे व दूधही नव्हे. धर्माज्ञा आणि जमीन यांची इतकी सहज जुळणी झालेली क्वचितच आढळेल.

नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा घ्या. गहू दोनतीन दिवस पाणी बदलीत भिजवावयाचे, वाटावयाचे, फडक्यातून गाळावयाचे. चीक तळाशी बसला की वरचे पाणी हलकेच ओतून द्यावयाचे. मग चीक, साखर आणि नारळाचे दाट दूध एकत्र करून मंद आचेवर घोटावयास बसावयाचे. हे काम एकटीचे नव्हे. हात भरून येतो, पळीला दुसरा हात लागतो, शेजारीण येते, गप्पा होतात. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागले की वेलची घालून ताटात थापावयाचे आणि वड्या पाडावयाच्या. कोकणातील इतर घरांतही चीक करतात, कुरडयांसाठी तर महाराष्ट्रभर करतात. पण त्याच चिकाला नारळाच्या दुधाशी बांधून नववर्षाच्या ताटात बसविण्यामागे तोरामधील ती आज्ञा आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला या वडीत केवळ एक कोकणी मिठाई दिसेल. खिरीच्या सणाचेही तसेच. नव्या धान्याची, नारळाच्या रसाची खीर पुढे ठेवून ऊद जाळीत, शेमा म्हणत, आणि मग ती खात. आश्विनाच्या सुमारास कोकणात हळवे भात तयार होते, आणि शेजारी नवान्नाची पौर्णिमा असते. दोन पंचांगे एकाच शेतावर भेटतात.

शब्बाथच्या संध्याकाळी द्राक्षासवावर आशीर्वाद म्हणावयाचा असतो. किनाऱ्यावर द्राक्षे कोठली ? म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून त्यांचे सरबत केले, आणि आशीर्वाद त्यावर म्हटला. मलिदा हा पोह्यांचा : भिजविलेले पोहे, खोबरे, साखर आणि सोबत फळे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस फेडताना, लग्नकार्यात, कोणत्याही शुभप्रसंगी हेच ताट. गोमांस ज्यू धर्मशास्त्रास निषिद्ध नाही, तथापि पुष्कळ बेने इस्रायल घरांनी ते वर्ज्य मानले. ही शेजारधर्माची पाळणूक होय. जेथे विधिपूर्वक कापलेले मांस मिळत नाही तेथे या समाजातील कित्येक घरे सरळ शाकाहाराकडे वळतात. तेही या जुन्या स्वभावाला धरूनच आहे.

‘अनाशी ढाकायचा सण’ या नावापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. अनाशी म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट रसाचे भांडे. पेसाहच्या आठ दिवसांत ते झाकून ठेवावयाचे. या सणाची मूळ आज्ञा आहे ती घरातून खमीर काढून टाकण्याची. भात खाणाऱ्या कोकणात खमिराची रोटी नव्हतीच, तर काढावयाचे काय ? घरात आंबवून ठेवलेले असे जे एक भांडे होते, ते बंद केले. आज्ञेचे शब्द हरवले, पण तिचा हेतू त्या झाकणाखाली शाबूत राहिला, असे माझे मत आहे. पुढे ग्रंथ आले, छापखाने आले. १८७४ साली पुण्यास हिब्रू-मराठी हागादा छापली गेली. तीत बिनखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचे चित्र आहे, आणि त्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. विधी पुन्हा ग्रंथोक्त झाला, तरी तो करणारे हात आणि बसण्याची रीत बदलली नाही.

बिरड्याचा सणही असाच बोलका आहे. मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ असलेल्या उपवासापूर्वी अन्य देशांतील ज्यू मसूर किंवा अंडे खातात. गोल, तोंड नसलेला मसूर हे त्यांच्याकडे मुक्या शोकाचे अन्न मानले गेले आहे. कोकणात त्याजागी वाल आले : भिजविलेले, मोड आणलेले, सोललेले, केळीच्या पानावर वाढलेले. आव महिना हा साधारणतः आपला श्रावण, आणि श्रावणात वालाचे बिरडे आजूबाजूच्या घरांतही शिजत असतेच. शोकाचे अन्न म्हणून मांस वर्ज्य, आणि ऋतूला योग्य म्हणून मोडाचे कडधान्य. वाल सोलण्याचे किचकट काम ज्यांनी केले आहे त्यांना शोकदिनी हाताला असे काम असण्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

या सर्व सामग्रीचे दोन प्रकारचे वाचन प्रचलित आहे, आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिले विद्वानांचे. पुरिमला ‘होळीचा सण’ म्हटले, उपवासाला ‘रोजा’ म्हटले, यावरून हा समाज हिंदू व मुसलमान चालीरीतींत ‘मिसळून गेला’ असे ते मांडतात. शब्द उसना घेतला म्हणजे वस्तूही उसनी, हे गृहीतकच चुकीचे आहे. मासे वेगळे काढणारी स्त्री मिसळून गेलेली नव्हती. ती आपले वेगळेपण शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगत होती. दुसरे वाचन आजच्या आरोग्यवाद्यांचे. वाफवलेले सांदण, मोडाची कडधान्ये, मद्याविना सरबत, दुग्धविरहित खीर हे पाहून त्यांना या पाकपद्धतीत आधुनिक पथ्य सापडते. तिचा साधेपणा खरा आहे. मोजकी सामग्री, घरचे तेल, ऋतूचे धान्य आणि वर्षातून ठरलेले उपवास यांमुळे शरीराला जो लाभ होतो तो कोणी नाकारणार नाही. परंतु चिकाच्या हलव्यातील साखर पाहून कोणत्याही वैद्याच्या भुवया उंचावतील, आणि नारळाचे दूध काही पथ्यकर पातळ पेय नव्हे. हे अन्न कोणी आरोग्यासाठी रचले नाही. आज्ञा पाळण्यासाठी, आणि हाताशी असेल त्यातून पाळण्यासाठी ते रचले गेले.

आता मुख्य तक्रार. हे मराठी घर साहित्यात अवतरले ते इतर भाषांतून. मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ ही कादंबरी १९६१ साली हिंदीत आली. एस्थर डेव्हिड यांनी ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीत प्रकरणांच्या आरंभी पाककृती दिल्या. ती कादंबरी इंग्रजी, आणि २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिला इंग्रजीसाठी मिळाला. दोन्ही लेखिकांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. पण अलिबागच्या चुलीवरील पदार्थ मराठी वाचकाला इंग्रजीतून उलट अनुवाद करून घ्यावे लागावेत, हे आपल्या विद्यापीठीय मराठीला भूषणावह नाही. बेने इस्रायलांनी स्वतः मराठीत कमी लिहिले असेही नाही. त्यांची कीर्तने आहेत, प्रार्थनांची भाषांतरे आहेत, नियतकालिके आहेत. इस्रायलमध्ये गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. मात्र कीर्तन आणि प्रार्थना हे पुरुषांचे लेखन. स्वयंपाकघराची भाषा बहुधा बोलीतच राहिली.

शिवाय जी पहिली तपशीलवार नोंद झाली तीही इंग्रजीत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. सणांची ही सारी नावे त्यात रोमन लिपीत आहेत. रोमन लिपीला ‘न’ आणि ‘ण’ सारखेच, ‘ढ’ आणि ‘ध’ सारखेच. ‘अनाशी’ की ‘आणशी’, ‘ढाकायचा’ की ‘ढाकाचा’, हे पुस्तकावरून सिद्ध होत नाही. ते कानानेच ऐकावे लागते. तोच प्रकार ‘दारफाळणी’चा. फाळणी म्हणजे फोडणे, विभागणे, असे आजचा मराठी भाषक समजतो, आणि हा सण तर दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, घरात बंद राहून उपवास करण्याचा. बंद करण्याचा अर्थ या शब्दात आला कोठून, हा प्रश्न कोकणी बोलींच्या अभ्यासकाने हाती घ्यावा इतका महत्त्वाचा आहे.

हे काम महाराष्ट्रातील विद्यापीठांनीच करावे असेही नाही. दिल्लीत १९५६ पासून आणि अहमदाबादेत १९३४ पासून या समाजाची प्रार्थनामंदिरे आहेत, आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी विभागांना आपल्याच शहरात हे क्षेत्रकार्य करता येण्याजोगे आहे. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा येथील वृद्ध स्त्रियांचे मराठी ध्वनिमुद्रित करणे आज तंत्रदृष्ट्या मुळीच कठीण नाही. मात्र तेथे जाणाऱ्याने धर्मतत्त्वे विचारू नयेत, कारण त्यांची उत्तरे आता सर्वांना ग्रंथांतून मिळतात. त्याने विचारावे ते असे : मांस मिठात किती वेळ ठेवता, आणि त्या ठेवण्याला घरात काय म्हणत ? उपवासाच्या सणाच्या सारण भरलेल्या पुऱ्या मुरडता की कातरता ? मलिद्याच्या ताटात फळे कोणत्या क्रमाने मांडता ? अनाशीचे भांडे मातीचे होते की चिनी मातीचे, त्यात काय काय पडे, आणि सण संपल्यावर झाकण काढताना घरात कोण काय म्हणे ?