म्हातारपणाची पुंजी ऑनलाइन औषध कंपन्यांत घालू नका!



‘आयपीओ येण्याआधीच घेऊन ठेवा, नंतर या भावात मिळणार नाही,’ असे सांगून दलाल ऑनलाइन औषध कंपन्यांचे अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेले, शेअर व्हॉट्सॲपवरून गळ्यात मारतात. निवृत्त माणूस त्यांना लवकर सापडतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या तो स्वतःच ॲपवरून सवलतीत मागवत असतो आणि धंदा जोरात चालला आहे हे त्याला घरबसल्या दिसत असते. पण ती सवलत येते कोणाच्या खिशातून?

हिशेब साधा आहे. औषधावर घाऊक विक्रेत्याला साधारण ८ ते १० टक्के सुटतात, किरकोळ दुकानदाराला १६ ते २० टक्के. दोघांचे मिळून शंभर रुपयांमागे जेमतेम तीस. त्यातले पंधरा-वीस रुपये ग्राहकाला सोडल्यावर गोदाम, फार्मासिस्टचा पगार, पॅकिंग, घरपोच डिलिव्हरी, परत आलेला माल आणि जाहिराती हे सगळे उरलेल्या दहा-पंधरा रुपयांत बसवायचे. छापील किमतीपेक्षा एक पैसा जास्त घेता येत नाही. आवश्यक औषधांची कमाल किंमत तर सरकारच ठरवते. मग तूट भरून निघते ती गुंतवणूकदाराच्या भांडवलातून. तुम्ही शेअर घेता म्हणजे दुसऱ्याच्या गोळ्यांवरची सवलत तुम्ही भरता!

मुंबईच्या फार्मईझीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जून २०२१ मध्ये तिच्या मूळ कंपनीने, एपीआय होल्डिंग्जने, नवी मुंबईच्या थायरोकेअर या वैद्यकीय तपासण्या करणाऱ्या कंपनीचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटींना, म्हणजे शेअरमागे १,३०० रुपये मोजून घेण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये तोच शेअर बाजारात पाचशेच्याही खाली मिळत होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,२५० कोटींच्या आयपीओचा मसुदा सेबीकडे गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो मागे घेतला. पुढे गोल्डमन सॅक्स या बँकेकडून घेतलेले कर्ज फेडायला पैसे हवे होते, म्हणून २०२३ मध्ये राइट्स इश्यू काढला, म्हणजे जुन्याच भागधारकांना नवे शेअर देऊ केले. आधीच्या फेरीत ५० रुपयांना दिलेला शेअर आता ५ रुपयांना! मोठ्या फंडांनी हा घाव सोसला, कारण त्यांचे पैसे पन्नास ठिकाणी असतात. ज्याने ग्रॅच्युइटीतून शेअर घेतले त्याने काय करायचे?

कायद्याचा आधारही कच्चा आहे. आपला औषध कायदा १९४० चा. ई-फार्मसीसाठी नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, तो वर्षानुवर्षे अंतिम झाला नाही. २०१८ च्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री रोखण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी या कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. ज्या धंद्याचे नियमच ठरलेले नाहीत, त्याचा दहा वर्षांनंतरचा नफा आज छातीठोकपणे सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

घरपोच औषधांना आमचा विरोध नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ती सोय हवीच. पण हा धंदा बड्यांनाच झेपतो: याच धंद्यातली नेटमेड्स रिलायन्सकडे गेली, वनएमजी टाटांकडे. तोटा सोसायची त्यांची ऐपत आहे. अपोलोच्या ॲपमागे हजारो दुकाने उभी आहेत. तुमच्यामागे फक्त तुमची पेन्शन आहे.

अनलिस्टेड शेअर घाईच्या वेळी विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, आणि भाव दलाल सांगेल तो. आयपीओ आलाच, तरी आधी घेतलेले शेअर सहसा सहा महिने विकता येत नाहीत.

म्हणून कळकळीची विनंती आहे: दलालाकडे कंपनीचा ताळेबंद मागा, तोट्याचा आकडा स्वतः वाचा, आणि तोवर एकाही चेकवर सही करू नका. पैसे आधीच गुंतले असतील तर भाव उतरला म्हणून ‘ॲव्हरेज’ करायला आणखी घालू नका. हे पत्रक वाचून झाले की आपल्या इमारतीतल्या निवृत्त शेजाऱ्याच्या हाती द्या.