गुलाबाच्या बादलीतला हुतात्मा

मंद्रूपच्या स्टँडसमोर एक झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. एरवी तिथं वह्या, रिचार्ज आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्स मिळतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र दारात प्लॅस्टिकची एक बादली येते, तिच्यात वीस-पंचवीस लाल गुलाब. समोरून विजापूर रोडनं उसाचे ट्रक धुरळा उडवत जातात, म्हणून दुकानदार अधूनमधून फुलांवर पाणी शिंपडत असतो. यंदा शिंपडता शिंपडता त्यानं विचारलं, "गुरुजी, हा व्हॅलेंटाईन देव आहे का माणूस?"

"माणूस. संत होता. रोममध्ये मारला त्याला."

"मारला? कशापायी?"

"धर्म सोडला नाही म्हणून."

तो बादलीकडं बघत राहिला. "मग ही पुण्यतिथी झाली की ओ!"

चाळीस वर्षं शिकवूनही मला हे इतक्या नेमक्या शब्दांत सांगता आलं नसतं.

चौदा फेब्रुवारी ही खरोखरच पुण्यतिथी आहे. तिसऱ्या शतकात रोमन बादशाहीत ख्रिस्ती होणं जिवावर बेतायचं, त्या काळातला हा माणूस. परंपरा सांगते, दुसरा क्लॉडियस बादशहा असताना, इ. स. 269 च्या आसपास त्याचा वध झाला आणि रोमच्या उत्तरेला फ्लामिनियन रस्त्याच्या कडेला त्याला पुरलं. घोळ असा, की जुन्या यादीत व्हॅलेंटाईन दोन आहेत: एक रोमचा धर्मगुरू, दुसरा तेर्नी गावचा बिशप. दोघांची तारीख एकच, रस्ताही एकच. दोघे मुळात एकच असावेत, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. बादशहाची बंदी मोडून तो सैनिकांची गुपचूप लग्नं लावून द्यायचा, ही मोबाईलवर फिरणारी कथा तर शेकडो वर्षांनंतरची भर आहे. खात्रीची माहिती इतकी तोकडी, की 1969 साली कॅथलिक चर्चनं जगभर पाळायच्या सणांच्या पंचांगातून त्याला वगळलं. संतपद काढलं नाही, हुतात्म्यांच्या यादीत तो अजून आहे. पण आज चर्चच्या त्या पंचांगात चौदा फेब्रुवारी सिरिल आणि मेथोडियस या दोघा संतांच्या नावावर आहे. म्हणजे चर्चनं ज्याला मागं सारलं, त्याची बादली मंद्रूपच्या स्टँडवर.

ख्रिस्ती लोक हुतात्म्याचा सण त्याच्या मरणाच्या दिवशी करतात आणि त्या दिवसाला म्हणतात जन्मदिवस. इथं मेला, तिथं जन्मला. आपल्याकडं दर्ग्यात उरूस भरतो, त्या उरूसचा मूळ अरबी अर्थ लग्न. वलीचा मृत्यू म्हणजे देवाशी मीलन. आणि आपली सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा? सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सातही नंदीध्वज उभे असतात, आणि दुसऱ्या दिवशी होमात तिच्या प्रतिकृतीला अग्नी दिला जातो. लग्न आणि मरण यांच्यामध्ये एक रात्र. हे पाहत वाढलेल्या माणसाला व्हॅलेंटाईनच्या दिवशी प्रेम आणि वध एकाच तारखेला आले, याचं नवल वाटायला नको. हुतात्म्याच्या सणाला चर्चमध्ये धर्मगुरू तांबडी वस्त्रं घालतो. तो तांबडा रंग रक्ताचा. गुलाबाच्या तांबड्याशी त्याचं नातं नाही, पण दुकानदाराला मी हे सांगितल्यावर तो जरा हळू हातानं पाणी शिंपडायला लागला.

मग प्रेमाचा संबंध आला कुठून? इंग्रजी कवी चॉसरनं चौदाव्या शतकात एका काव्यात लिहिलं, की या संताच्या दिवशी पाखरं आपापला जोडीदार निवडतात. तिथून राजेरजवाड्यांत चिठ्ठ्या सुरू झाल्या, पुढं छापील कार्डं आली आणि आता तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधले गुलाब याच आठवड्यासाठी विमानानं युरोपला जातात. हुतात्म्याच्या नावावर मावळच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर माझी तरी तक्रार नाही.

त्याच्या बाकीच्या परंपरा मात्र मला जास्त आवडतात. जर्मन मुलखात फिट येणारी माणसं याच संताला नवस बोलायची, कारण तिथं त्याच्या नावाचा उच्चार 'पडणे' या शब्दाशी जुळतो. हे आपल्या माणसाला लगेच कळेल. तेर्नीत त्याच्या चर्चमध्ये या सुमाराला लवकरच लग्न होणारी जोडपी जमतात आणि वचन देतात. रोमच्या एका चर्चमध्ये त्याची म्हणून एक कवटी फुलांचा मुकुट घालून काचेत ठेवली आहे. डब्लिनच्या एका चर्चमध्येही त्याचे अवशेष आहेत. एक माणूस दोन गावांत! पण आपल्याकडं एकेका संताच्या दोन-दोन समाध्या दाखवतात, तेव्हा आपण तरी कुठं विचारतो?

संध्याकाळी गावच्या ग्रुपवर दरवर्षीचाच मेसेज आला: आज भगतसिंगांना फाशीची शिक्षा झाली, प्रेमदिवस कसले साजरे करता? ही साफ खोटी तारीख. शिक्षा 7 ऑक्टोबर 1930 ला सुनावली गेली, फाशी 23 मार्च 1931 ला. चौदा फेब्रुवारीला शहीद आठवायचे तर 2019 साली पुलवाम्यात गेलेले चाळीस जवान आहेत, त्यासाठी खोटं कशाला? तिसऱ्या शतकातल्या रोमन माणसाची तारीख नीट ठाऊक नसणं मी समजू शकतो. नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वीची ठाऊक नसावी?

आणि आपण तर सोलापूरकर. हुतात्मा हा शब्द आमच्या तोंडी दिवसातून चारदा येतो. हुतात्मा चौकात भेट. हुतात्माला नाटक आहे. पुण्याला सकाळच्या हुतात्मानं जातो. व्हॅलेंटाईनचा गुलाब झाला, आमच्या हुतात्म्यांची रेल्वेगाडी झाली. मी त्या ग्रुपवर उलट विचारलं, गाडीला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मे कोण? मेसेज टाकणाऱ्यानं दोन नावं लिहिली. झेरॉक्सवाल्यानं तिसरं सांगितलं. चौथं रात्रीपर्यंत आलं नाही.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. येरवडा तुरुंग, 12 जानेवारी 1931.