छुपी गळती

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. परंतु थेंबाथेंबाने तळे रितेही होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

कंधारच्या भुईकोटाभोवती पाण्याचा खंदक आहे आणि गावाजवळ राष्ट्रकूटांच्या काळातील जगत्तुंगसागर हा तलाव आहे. पाण्याचे मोल पूर्वजांनी असे जाणले होते. तरीही याच मराठवाड्यातील लातूर शहराला २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या प्रदेशाने असे दिवस पाहिले, त्याने कोणतीही गळती क्षुल्लक मानू नये.

वाहता नळ दिसला की कोणीतरी तो बंद करतो. भिंतीत किंवा जमिनीखाली दडलेली गळती मात्र महिनोन् महिने चालू राहते. दर सेकंदास एक थेंब गळला, तर दिवसात ८६,४०० थेंब होतात. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी हे पाणी एकवीस लिटरांहून अधिक भरते.

ही गळती शोधणे अवघड नाही. रात्री निजण्यापूर्वी टाकीत येणारे पाणी आणि घरातील सर्व नळ बंद करावेत व पाण्याच्या पातळीपाशी खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर पाणी कोठेतरी गळत आहे, हे निश्चित. भिंतीला ओल येणे, रंगाचे पोपडे सुटणे, एकाच जागी शेवाळ धरणे, याही तिच्याच खुणा असू शकतात. पाणीपुरवठ्याचे जाणते कामगार तर सळईचे एक टोक नळावर व दुसरे कानाशी धरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज ओळखतात.

कोणी म्हणेल, "गळलेले पाणी जमिनीतच मुरते, मग बिघडले काय?" हे म्हणणे वरवर खरे वाटते. परंतु ते पाणी शुद्ध करून, पंपाने चढवून आणलेले असते. शिवाय अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी थांबले की नळ रिकामा होतो आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर गेले, त्याच छिद्रातून भोवतालचे घाण पाणी आत शिरू शकते. त्यातूनच कावीळ, विषमज्वर यांसारखे रोग घरात येतात. म्हणून गळती हा केवळ नासाडीचा नव्हे, आरोग्याचाही प्रश्न आहे.

गळती दुरुस्त करणे हे जाणत्या कारागिराचे काम होय. ती शोधून वडीलधाऱ्यांच्या कानावर घालणे मात्र घरातील लहानग्यांनाही सहज साधेल.