पायांकडून श्वासाकडे

घरातल्या कुणाला गिलॅन बारे सिंड्रोमचं निदान झालं, तर पुढची वाटचाल नातेवाइकांना पहिल्याच दिवशी उघड सांगावी, असं माझं ठाम मत आहे. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा हा विकार 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात फैलावला. त्याचं नाव घरोघरी पोचलं, त्याची चाल मात्र पोचली नाही. दूषित पाण्या-अन्नातून कॅम्पिलोबॅक्टरसारखा जिवाणू पोटात जातो, जुलाब होऊन थांबतात, आणि काही दिवसांनी त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्तीच शरीराच्या नसांवर उलटते. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढवत नाही, मग हात, काहींच्या बाबतीत श्वासही. एवढं ऐकून माणसं हातपाय गाळतील, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावरचा उपचार म्हणून इम्युनोग्लोब्युलिन सुरू केल्यावरही अशक्तपणा काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे वाढत राहू शकतो. हे ठाऊक नसलेल्या कुटुंबाला उपचारच फसला असं वाटणार, आणि ती भीती कितीतरी वाईट. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, भले महिने लागोत. हेही त्याच बैठकीत सांगता येतं. बिघाडाच्या खुणांवर लक्ष ठेवणं डॉक्टरांचं काम, हे खरंच. तरी गिळताना लागलेला ठसका, बसलेला आवाज, काल एका श्वासात वीसपर्यंत मोजणाऱ्याचं आज बारावर अडखळणं रात्री उशाशी बसलेल्या माणसाच्याच आधी लक्षात येतं.