आईचं दप्तर कुठाय?

‘पोटाला चिमटा घ्या, पण लेकरं शिकवा.’ आमच्या चळवळीत हे वाक्य बोलून बोलून इतकं झिजलंय की ते कशाबद्दल आहे हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही. दोस्तांनो, माझा साधा सवाल आहे. चिमटा कुणाच्या पोटाला? तुमच्या पोटाला नाही. तुम्ही सभेवरून रात्री अकराला आलात तरी ताट झाकून ठेवलेलं असतं. ते ताट झाकणारीच्या पोटाला चिमटा बसतो, आणि तिच्याबद्दल तुमच्या जाहीरनाम्यात एक ओळ नसते. असलीच तर ‘त्यागमूर्ती’ असते.

मी त्यागमूर्ती नाही. नगर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. मोठी पोरगी, धाकटा पोरगा. नवरा एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली. काम असलं तर पगार, नसलं तर घरी. मला सरकार जे देतं त्याला पगार म्हणायची सोय नाही, त्याला मानधन म्हणतात. मानही नाही न् धनही नाही. मदतनिसाला ५,५०० रुपये होते. ४ डिसेंबर २०२३ पासून आम्ही राज्यभर ५२ दिवस संपावर बसलो, तेव्हा कुठं २०२४ साली सरकारनं वरती २,००० टाकले. ही योजना १९७५ पासून चालू आहे. म्हणजे पन्नास वर्षं दुसऱ्याची लेकरं सांभाळणाऱ्या बाईला ‘कर्मचारी’ हा शब्द लावायलाही हे राज्य तयार नाही. आणि मी दुसऱ्याची लेकरं सांभाळते तेव्हा माझी कोण सांभाळतं, हे तर कुणी विचारतच नाही. शेजारची म्हातारी सांभाळते. ती आजारी पडली की पोरीची शाळा बुडते. पोराची नाही बुडत. पोरीची बुडते.

आता शाळेचं सांगते. लोक म्हणतात, बाई, चांगली शाळा निवडा. निवडा! जसं काय बाजारात वांगी निवडायचीत. एकीकडं जिल्हा परिषदेची शाळा, घराजवळ, फुकट. दुसरीकडं इंग्लिश मीडियम, पिवळी बस, टाय, बूट, आणि फीचा आकडा माझ्या वर्षाच्या मानधनाच्या अंगावर येणारा. मधी एक पूल होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा. खासगी शाळांत २५ टक्के जागा आमच्यासारख्यांच्या लेकरांना. त्या पुलावरून चालायला आम्ही नुकतं शिकलो, तर ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सुटका. म्हणजे खासगीचं दार गरिबाला बंद. मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मधी हा बदल रद्द केला म्हणून दार पुन्हा किलकिलं झालं. सरकारनं आपल्या मनानं उघडलं नव्हतं.

बरं, सरकार म्हणतं तुमच्या दारात सरकारी शाळा आहे ना, तिथं जा. जाऊ की. पण त्याच सरकारनं २०२३ च्या सप्टेंबरात काय आणलं? वीसपेक्षा कमी पोरं असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचा घाट. वीसपेक्षा कमी पोरं कुठल्या शाळेत असतात? वाडीवर, वस्तीवर, तांड्यावर, आपल्या वस्तीच्या कडेला. म्हणजे गरिबाला सांगायचं जवळच्या सरकारी शाळेत जा, आणि जवळची सरकारी शाळाच उचलून लांब न्यायची. दोन्हीकडून कोंडी. आणि या कोंडीत उभी कोण? आई. सरकारच्या तिजोरीतला प्रश्न सरकारनं उचलून आईच्या डोक्यावर ठेवला आणि वर म्हणतं, हा तुमच्या घरचा निर्णय आहे.

मला एक इंग्लिश मीडियमची शाळा ठाऊक आहे. नाव घेत नाही. माझ्या पोरीचा नंबर २५ टक्क्यांत लागला. फी नाही म्हणाले. मग ड्रेस त्यांच्याच दुकानातला, वह्या त्यांच्याच, स्नेहसंमेलनाचे पैसे वेगळे, बस वेगळी. बाई म्हणाल्या, ‘झेपणार नसेल तर विचार करा.’ झेपणार नसेल! आमच्या सात पिढ्यांनी गावाची मेलेली ढोरं झेपवली, वेशीबाहेरचा चिखल झेपवला, आणि हिला वाटतं आम्हाला टाय झेपणार नाही. पण पैसा खरंच झेपत नव्हता. हे बोलायला मला लाज वाटत नाही. लाज त्यांना वाटावी, ज्यांनी फुकट म्हणून सांगितलं आणि मागच्या दारानं बिल पाठवलं.

आता तुमच्या-माझ्या घरातलं बोलते, कारण सगळं मनूच्या नावावर खपवून चालणार नाही. भिंतीवर बुद्ध, फुले, बाबासाहेब. आणि त्या फोटोंखाली बसून आपण काय ठरवतो? पोरगा इंग्लिश मीडियमला, पोरगी झेडपीला. पोरगा वंशाचा, पोरगी परक्याची. हे वाक्य कुठल्या भटानं येऊन आपल्या कानात सांगितलं नाही. ते आपल्याच चुलीपाशी शिजतं. माझ्याही घरात हा वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘पोरीला कशाला एवढं?’ नवरा गप्प बसला. मी म्हटलं, जाईल तर दोघं एकाच शाळेत जातील. दोघं जिल्हा परिषदेत जातात. उरलेला पैसा दोघांच्या वह्या-पुस्तकांना सारखा. घरात महिनाभर अबोला होता. चालतंय. अबोल्यानं कुणी मरत नाही.

मरतात ती वेगळ्याच कारणानं. खर्डा, तालुका जामखेड, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचं दलित पोरगं. सवर्ण मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून शाळेतून ओढून नेलं, हालहाल करून मारलं, झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मधी खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फिरले. तेव्हापासून या जिल्ह्यातली कुठलीही दलित आई शाळा ठरवते तेव्हा नुसती फी मोजत नाही. ती रस्ता मोजते. वस्तीपासून शाळा किती लांब, मधी कुणाची गल्ली, अंधार पडायच्या आत पोर घरी येतं का, हे मोजते. सरकारच्या समूह शाळेच्या कागदावर हे अंतर किलोमीटरमधी लिहितात. आमच्या छातीत ते वेगळ्या मापानं लिहिलेलं असतं. २०२४ साली जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव लागलं. बाईचं नाव लागलं, चांगलं झालं. त्यांचं जन्मगाव चौंडी, तेही जामखेड तालुक्यातच. पाटी बदलायला जेवढी घाई झाली, तेवढी घाई त्याच तालुक्यातल्या पोराला न्याय द्यायला का झाली नाही?

आणि पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड बाईला तर निवडीचा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नाही. दिवाळी झाली की कोयता निघाला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मात्र नवऱ्याच्या हातात. लेकरं मागं ठेवावीत तर बघायला कोण, बरोबर न्यावीत तर शाळा गेली. कोपीवर तान्हं सांभाळायला थोरली पोरगीच लागते. ज्या जिल्ह्यानं १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला सहकार शिकवला, त्या जिल्ह्याच्या साखरेत या पोरींची बुडालेली इयत्ता विरघळलेली आहे. चहा पिताना एवढं आठवा.

आता रमाईचं. हे ऐकताना काही जणांच्या भिवया वर जातील, जाऊ द्या. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा रमाईनं गोवऱ्या थापल्या, उपाशी राहिली. संसारात चार लेकरं मातीआड केली. १९३५ साली स्वतः गेली. तुम्ही या दुःखाची गाणी केली. गाण्यांवर माझा राग नाही. पण चार लेकरं जाणं हा काही दागिना नाही, जो प्रत्येक दलित आईच्या गळ्यात घालावा. ते या समाजव्यवस्थेवरचं आरोपपत्र आहे. आरोपपत्राची तुम्ही आरती केली. रमाईसारखी हो, रमाईसारखी हो, असं आम्हाला सांगता. बाबासाहेबांनी असं सांगितलं होतं का? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा ते उठून बोलले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा बोजा सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. बोजा सरकारनं! बाईनं पोटाला चिमटा घेऊन नव्हे. आणि २० जुलै १९४२ ला नागपूरला बायांच्या परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजली. तुम्ही मात्र ती पोरांच्या पॅकेजवरून मोजता.

याच नगरचा इतिहास काढा. फुल्यांनी आधी घरातल्या बाईला शिकवलं, मग १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई अध्यापनाचं शिक्षण घ्यायला इथं नगरला आल्या होत्या, मिस फरारबाईंच्या संस्थेत. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ याच नगरात निघालं, आणि पुढं १८५५ ला त्याच पत्रात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीनं महार-मांगांच्या दुःखाबद्दल लिहिलं. कोवळ्या वयाची पोर. तिनं भल्या भल्या शास्त्र्यांना सवाल केले. तेव्हा आपल्या परंपरेत बाई पहिल्यांदा शिकणारी आहे, शिकवणारी आहे, लिहिणारी आहे. नुसती डबा भरून देणारी नाही.

म्हणून मी बारावीनंतर सोडलेलं शिक्षण पुन्हा धरलंय. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. रात्री लेकरं झोपली की पुस्तक उघडते. लोक म्हणतात, आधी लेकरांचं होऊ दे, मग तुझं बघ. का म्हणून? लेकरांचं शिक्षण चालवतं कोण? उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलची पायरी कोण चढतं? जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधत नवऱ्याच्या आजाचं नाव कुणाच्या मोडी कागदात सापडतंय का, हे बघत कोण हिंडतं? शिष्यवृत्तीचा अर्ज, पडताळणी, आधार, बँक, सगळं आईच्या पायावर. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव लागायला लागलं, हे बरं झालं. पण जातीचा पुरावा अजून बापाच्याच घरातून शोधायचा. पाय आईचे, पुरावा बापाचा. ही पायपीट अडाणी आई करते तेव्हा एजंट तिला लुटतो. शिकलेली आई त्याच्या टेबलावर नियम आपटते. माझं शिक्षण लेकरांच्या शिक्षणाच्या आड येतं म्हणणाऱ्यानं एकदा माझ्याबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहावं.

तेव्हा चिमट्याची भाषा बंद. मागण्यांची भाषा बोला. वस्तीवरची एकही शाळा बंद होता कामा नये. अंगणवाडीच्या बाईला मानधन नको, वेतन द्या. कामाला जाणाऱ्या आईसाठी वस्तीत दिवसभराचं पाळणाघर काढा. ऊसतोड कामगारांच्या पोरींसाठी वसतिगृहात पोरांइतक्या जागा द्या. हे सरकारकडं.

आणि तुमच्याकडं. जयंतीच्या डीजेला जी वर्गणी निघते, तिच्यातून वस्तीच्या अभ्यासिकेचं भाडं निघतं. हिशोब मांडून बघा. अभ्यासिका काढलीत तर ती बायांनाही खुली ठेवा, रात्री दहापर्यंत. मीटिंग संध्याकाळी सातला ठेवता, तेव्हा आम्ही भाकरी थापत असतो. वेळ बदला, नाहीतर भाकरी थापायला या. क्रांतीवर तासभर बोलणाऱ्याला कणीक मळता येत नसेल, तर त्याच्या क्रांतीत बायकांनी कशाच्या भरवशावर यायचं?

माझ्या परीक्षा मे महिन्यात आहेत. त्या दिवसांत घरी स्वयंपाक नवरा करणार आहे, हे ठरलंय. तुमच्या घरी काय ठरलंय, ते पुढच्या अंकात लिहून कळवा.