पाठीवरचे बिऱ्हाड, शेजारी समुद्र

संसारी माणसाने मळलेली वाट सोडून आडरानात शिरू नये, हा संगमनेरच्या अनंत फंदींचा सल्ला शालेय पाठ्यपुस्तकांनी मराठी घराघरांत पोचवला. फंदींचा (१७४४–१८१९) तो फटका मुळात माणसाच्या वागणुकीविषयी आहे. आपल्या मध्यमवर्गाने मात्र तो सर्वांत निष्ठेने पाळला तो प्रवासात. आपले आजी-आजोबा काशीला गेले ते गावकऱ्यांच्या जथ्याबरोबर. आईवडील गेले ते यात्रा कंपनीबरोबर. आपण सिंगापूर-बँकॉकला जातो ते ज्याच्या हातात झेंडा असतो त्या सहल-संचालकाच्या मागे.

या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये आपली सहल कंपनी सुरू केली आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी मराठी माणसाला देशाबाहेर नेले. ज्यांना इंग्रजीचे एक वाक्य धड बोलता येत नव्हते, अशा हजारो बायाबापड्यांनी त्यामुळे बर्फ पाहिले, समुद्रापलीकडचे देश पाहिले आणि सकाळी पोहेही खाल्ले. हे काम लहान नाही. पण त्या सोयीची एक किंमत असते. किती वाजता उठायचे, कुठे जेवायचे, एखाद्या देवळासमोर किती मिनिटे उभे राहायचे, हे सगळे दुसराच कोणी ठरवतो. आपण देश पाहतो, पण त्या देशातल्या माणसाशी बोलण्याची गरज आपल्याला पडत नाही.

आता परिस्थिती बदलली आहे. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने जातात. तिथला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा काढता येतो. मुलगा पुण्याला आणि मुलगी नाशिकला शिकायला गेली, घरात दोघेच उरली, अशा पन्नाशीच्या जोडप्याच्या मनात एक विचार डोकावू लागतो. पाठीवर एकेक सॅक टाकावी आणि हनोईपासून सायगावपर्यंत समुद्राच्या कडेकडेने दोघांनीच जावे. विचार बोलून दाखवला की घरातून, शेजारातून आणि साखर कारखान्याच्या कचेरीतून एकच प्रश्न येतो : "या वयात? आणि दोघंच?"

हा 'दोघंच' मोठा बोलका शब्द आहे. आपल्या समाजात नवरा-बायको वर्षानुवर्षे एका छपराखाली राहतात, पण दोघेच असे क्वचितच असतात. सासूसासरे, मुले, लग्नकार्ये, हळदीकुंकू यांत त्यांची गाठ पडते ती बहुधा कामापुरती. सहलीलाही दोन कुटुंबे बरोबर असली म्हणजे बरे वाटते. पूर्वेकडे दोघांनी जाण्याचा एक वस्तुपाठ मात्र आपल्या साहित्यात आहे. पु. ल. आणि सुनीताबाई साठच्या दशकात आग्नेय आशिया आणि जपान पाहून आले आणि 'पूर्वरंग' मराठीत अवतरले. त्या काळी हे भाग्य मोजक्यांचे होते. आज ते संगमनेरच्या शिक्षकाच्या आवाक्यात आले आहे.

पाठीवर पिशवी घेऊन जोडीने चालणे ही पाश्चात्त्य तरुणांची चाल आहे, असे समजण्याचेही कारण नाही. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर, अहिल्यानगर करत पंढरपूरला जाते. तिच्यात कितीतरी जोडपी असतात. दोन कपडे, एक पांघरूण, थोडी भाकरी-चटणी, एवढ्यावर महिना निघतो. अनोळखी माणसाला 'माउली' म्हटले की पाणीही मिळते आणि ओसरीही. आषाढीला शासकीय महापूजेत रांगेतल्या वारकरी जोडप्याला मान मिळतो आणि एसटी महामंडळ त्या जोडप्याला वर्षभराचा मोफत पास देते. २०२३ मध्ये हा मान आपल्याच जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या नेवासे तालुक्यातल्या जोडप्याला मिळाला होता. चालत आलेल्या दोघांचा सन्मान आणखी प्रवासाची सोय करून द्यायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला प्रवासाचे मर्म कळले होते. ओझे पाठीवर आणि भरवसा माणसांवर, ही रीत आपल्याकडे आहेच. फक्त पंढरीच्या वाटेवर दिंडी सोबत असते आणि परदेशात ती नसते.

आता त्या किनाऱ्याकडे वळू. व्हिएतनामला तीन हजार दोनशेहून अधिक किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. हनोईहून सायगावला, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहराला जाणारी रेल्वे १,७२६ किलोमीटर धावते. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा हा मार्गही तुटला. युद्ध संपल्यावर पूल आणि बोगदे दुरुस्त करून १९७६ च्या अखेरीस तो पुन्हा जोडला गेला. ह्युए ते दा नांग हा त्यातला शंभरएक किलोमीटरचा टप्पा. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि गाडी त्याच्या कडेने वळणे घेत हाय व्हान घाट ओलांडते. या नावाचा अर्थच 'समुद्र आणि ढग'. घाटाच्या उत्तरेला एक हवामान, दक्षिणेला दुसरे. चंदनापुरी घाट चढला की पठारावरची हवा बदलते, हे संगमनेरकराला ठाऊक असते. इथे तोच अनुभव कितीतरी मोठ्या मापाने येतो. ज्याच्या गावाला अजून रेल्वे नाही, त्याने तर या गाडीच्या खिडकीशी अवश्य बसावे.

वेळ मात्र पाहून जायला हवी. आपली मोठी सुट्टी दिवाळीची, आणि मध्य व्हिएतनामचा मोठा पाऊस नेमका सप्टेंबर ते डिसेंबरचा. तिथे तो ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ह्युए आणि होइ आन ही दोन्ही जुनी शहरे पुराच्या पाण्यात होती. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ या भागाला बरा. त्यांचे नववर्ष, 'तेत', जानेवारी-फेब्रुवारीत येते. तेव्हा दुकाने बंद असतात आणि गाड्या भरलेल्या. सहल कंपनी हे सारे आपल्यासाठी पाहते. स्वतः निघालो की ते आपणच पाहावे लागते. कंटाळवाणे वाटेल, पण प्रवासाची सुरुवात इथेच होते. नकाशा जमिनीवर पसरून नवरा-बायको दोघे त्यावर वाकतात, तेव्हा कितीतरी वर्षांनी त्यांच्यात दूधवाला, फी आणि लग्नाची बोलणी यांपलीकडचे काही बोलणे होते.

मग येते ती पिशवी. ती सात-आठ किलोंपेक्षा जड असू नये, कारण ती स्वतःलाच वाहायची असते. हा साधा नियम मराठी संसाराची उलटापालट करतो. आपल्या सहलीत बाईची बॅग म्हणजे फिरते स्वयंपाकघर. चिवडा, खाकरा, मेतकूट, लोणचे, नवऱ्याच्या गोळ्या, त्याचा स्वेटर. तिची सुट्टी घरून निघतानाच निम्मी संपलेली असते. दोघांच्या पाठीवर एकेकच पिशवी आली की कोणाचे काय कोणी वाहायचे, हा प्रश्न प्रथमच उघडपणे विचारला जातो. ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या पिशवीत. बसचे तिकीट आज तिने काढायचे, उद्या त्याने. एका रुपयाला सुमारे तीनशे डोंग पडतात. लाखांच्या नोटा मोजताना दोघांचीही सारखीच तारांबळ उडते. आयुष्यभर 'ह्यांना विचारून सांगते' म्हणणारी बाई परमुलखातल्या फलाटावर स्वतः डबा शोधते, हे त्या प्रवासाचे मोठे फलित आहे. फोटोत ते दिसत नाही.

भाषेचे काय, हा पुढचा प्रश्न. व्हिएतनामी भाषेची लिपी रोमन, पण उच्चार सुरांवर चालतो. 'मा' हा एकच ध्वनी सुराप्रमाणे आई होतो, भूत होतो किंवा घोडाही होतो. पंधरा दिवसांत ही भाषा येणे शक्य नाही. परंतु तिच्यातली एक गोष्ट आपल्याला लगेच कळते. तिथे 'तू' आणि 'तुम्ही' यांची कामे नात्याचे शब्द करतात. मोठ्याला 'आन' म्हणजे दादा, मोठीला 'ची' म्हणजे ताई, धाकट्याला 'एम', शिवाय काका, आत्या, आजी वेगवेगळ्या. म्हणून ओळख होताच तिथला माणूस आपले वय विचारतो. तो भोचकपणा नसतो. तुम्हाला कोणत्या नात्याने हाक मारायची, हे त्याला ठरवायचे असते. भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावे लागत नाही. नवरा-बायकोही एकमेकांना याच 'आन' आणि 'एम' या शब्दांनी हाक मारतात, हे ऐकून मात्र आपले जोडपे खुदकन हसेल.

खाण्याचा बाऊही पुष्कळ केला जातो. तिथल्या बहुतेक पदार्थांत मासळीचे खारे पाणी असते, हे खरे. पण चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला तिथले अनेक बौद्ध लोक शाकाहार पाळतात आणि 'चाय' असे लिहिलेल्या खाणावळींत शाकाहारीच मिळते. चतुर्थी आणि एकादशी पाळणाऱ्यांना यात परके ते काय वाटावे?

इथे आणखी एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. व्हिएतनामला निघालेल्या प्रत्येक मराठी माणसाला कोणीतरी एक कथा ऐकवतोच. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याच्या प्रेरणेने, आणि तसे तिथल्या नेत्यांनी सांगून ठेवले आहे. या कथेला विश्वासार्ह पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. महाराजांच्या थोरवीला तिची गरजही नाही. सायगावात नदीकाठी जो पुतळा उभा आहे तो त्रान हुंग दाओचा. १२८८ मध्ये बाख डांग नदीत खांब रोवून, ओहोटीच्या वेळी मंगोलांचे आरमार त्यावर अडकवून बुडवणारा हा सेनापती. ज्यांच्याकडे असा पूर्वज आहे, त्यांना आपल्याकडून युद्धकला उसनी घेण्याचे कारण नव्हते. पुतळ्याखालचे नाव वाचून 'हा कोण?' असे विचारणारा पाहुणा त्या देशात काही शिकतो. तिथेही स्वतःचेच नाव शोधणारा जसा जातो तसाच परत येतो.

आणि खरे नाते शोधायचे असेल तर ते आहेच. दा नांगहून सत्तरेक किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत मी सन नावाचे देवळांचे स्थान आहे. चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली. पुढे कित्येक शतके विटांची देवळे उभी राहत गेली. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत त्यांतली बरीच पडली. १९८० च्या दशकात काझिमेझ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुविशारदाने ती सावरायला घेतली. १९९७ मध्ये तो ह्युए इथेच वारला. होइ आनमध्ये त्याचे स्मारक आहे. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे काही देवळांच्या जतनाचे काम केले आणि मे २०२० मध्ये त्या कामात एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. त्या राज्यातल्या चाम लोकांचा एक गट आजही स्वतःला 'बालामोन' म्हणवतो. हा शब्द ब्राह्मण शब्दावरून आलेला आहे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी मी सनच्या पडक्या विटांपुढे दहा मिनिटांऐवजी अर्धा दिवस काढावा. तेवढी मोकळीक स्वतःच्या पायांनी आलेल्यालाच असते.

हे सर्वांना जमेल असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांचे गुडघे धरले आहेत, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, ज्यांना दोन आठवड्यांची रजा म्हणजे दोन आठवड्यांची रोजी गमावणे आहे, त्यांना हा उपदेश ऐकवू नये. जे जातील त्यांनीही प्रवासविमा टाळू नये. मोटारसायकल भाड्याने घेण्याचा मोह तर आवरावाच. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानते. अपघात झाला तर विमाही हात वर करील. बस आणि रेल्वे असताना ही जोखीम घ्यायचे कारण नाही. पाठीवर बिऱ्हाड घेणे म्हणजे डोके घरी ठेवणे नव्हे.

ज्यांना धीर होत नाही, त्यांनी आधी आपल्या कोकणात रंगीत तालीम करावी. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून तरीतून वेश्वीला उतरायचे, तिथून आंजर्ले-हर्णैच्या बाजूने दाभोळ, पुन्हा तरीने धोपावे, गुहागर, मग तवसाळहून जयगड. एकेक पिशवी, कुणाच्या घरगुती खाणावळीत जेवण, पुढच्या एसटीची चौकशी. आठवडाभर असे जमले तर हाय व्हानचा घाट फार दूर नाही. कुठे भांडण होते, कोण लवकर दमते, कोणाला वाट विचारायची लाज वाटते, हे सगळे गुहागरपर्यंत कळून चुकते.

राहता राहिला फंदींचा सल्ला. ज्यांनी तो दिला त्यांचे स्वतःचे आयुष्य तमाशाचा फड घेऊन गावोगाव हिंडण्यात गेले. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे ते फंदी झाले आणि पुढे अहिल्याबाईंच्या शब्दावरून डफ ठेवून कीर्तनाला उभे राहिले, असे सांगतात. एवढ्या वाटा तुडवलेल्या माणसाने संसारी लोकांना वागणूक सरळ ठेवा असे सांगितले, त्यात घराबाहेर पडू नका असे कुठे म्हटले आहे? सचोटीने वागावे, आपले ओझे आपण वाहावे, परक्याच्या घरी नीट राहावे. एवढे पाळून दोघांनी समुद्राच्या कडेने कितीही दूर जावे. संगमनेरच्या त्या कवीची त्याला हरकत असण्याचे कारण दिसत नाही.