मायनरला शेती-उद्योग घेताय? आधी घरातली पट्टी वाचा

परवा आटगाव स्टेशनबाहेर चहाला थांबलो होतो. तानसा धरणाच्या बाजूचा एक ओळखीचा पोरगा भेटला. बी.कॉम.ला आहे. मोबाईल पुढे करून म्हणाला, "दादा, मायनरला ॲग्रीबिझनेस आन्त्रप्रुनरशिप घेऊ का? सगळे म्हणतात आता यालाच स्कोप आहे."

मी विचारलं, "तुमची भेंडी वाशीला जाते ना? मग शेवटच्या पट्टीत हमाली-तोलाई किती कापली होती?"

पोरगा हसला. "ते बाबांना माहीत."

त्या एका उत्तरावर ही पोस्ट आहे. लांब आहे. वेळ नसेल तर पुढे सरका, राग नाही.

ज्यांच्या घरात सध्या कॉलेजला जाणारं कुणी नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला आता एक मेजर आणि एक मायनर असतो. राज्याचा शासन निर्णय २०२३ चा. आधी स्वायत्त कॉलेजांत आलं, २०२४-२५ पासून बाकीच्या संलग्न कॉलेजांत. तीन वर्षांच्या पदवीची एकूण क्रेडिट १२० ते १३२, त्यात मायनरची १८ ते २०. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. सगळा मायनर फळ्यासमोर उरकला तर झाले फार तर ३०० तास. तेवढ्यात पोराला 'उद्योजक' करायचं आहे.

विषयाला माझा विरोध नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये "तुम्ही प्रत्येक गोष्टीला विरोध करता" सुरू होईल. उलट हा विषय आमच्याकडे तीस वर्षांपूर्वी यायला हवा होता. शहापूर-मुरबाडच्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या कॉमर्स शिकलं ते कुठल्यातरी काल्पनिक कंपनीच्या ताळेबंदावर. घरात भात, नागली, काकडी, भेंडी विकली जात होती आणि तिचा हिशोब कॅलेंडरच्या मागच्या बाजूला होता, नाहीतर कुठेच नव्हता. कला शाखेच्या पोरीला शेतीतला व्यापार शिकता येतो ही चांगलीच गोष्ट आहे.

राग आहे तो 'स्कोप' या शब्दावर. कसला स्कोप? कुठलं दार उघडतं ते सांगा ना.

कृषी पदवीधरांसाठी केंद्राची एक जुनी योजना आहे, ॲग्री-क्लिनिक आणि ॲग्री-बिझनेस सेंटर, २००२ पासूनची. हैदराबादची 'मॅनेज' ही संस्था ती चालवते. ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण, एकट्याच्या प्रकल्पाला २० लाखांपर्यंत आणि त्यावर ३६ टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. नाव ऐकून वाटतं, ही तर या मायनरवाल्यांसाठीच बनली आहे. पण पात्रतेत काय आहे बघा. कृषी किंवा संलग्न विषयाची पदवी किंवा पदविका. दुसऱ्या पदवीवाल्यांना शिरायचं तर अभ्यासक्रमाचा ६० टक्क्यांहून जास्त भाग शेतीचा हवा. आपला मायनर १३२ पैकी २०. पंधरा टक्के. म्हणजे ज्या योजनेच्या नावातच ॲग्री-बिझनेस आहे, तिच्या दारात ॲग्री-बिझनेसचा मायनर चालत नाही. हे प्रवेशाच्या वेळी पोरांना कोण सांगतं?

दुसरीकडे पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. तिला पदवीच लागत नाही. म्हणजे एका दारात हा मायनर कमी पडतो आणि दुसऱ्या दारात त्याला कुणी विचारत नाही.

मग उरतं ज्ञान. तेही चालेल. दार उघडत नसलं तरी पोरगा शहाणा झाला तर बाप खूश. पण शिकवताय काय? या नावाचे अभ्यासक्रम बघितले तर बहुतेक एकाच साच्यातले. उद्योजकाचे गुण, स्वॉट ॲनालिसिस, बिझनेस प्लॅन, मार्केटिंगचे चार पी, शेवटी एक यशोगाथा आणि पीपीटी. हे अंधेरीच्या पोरालाही चालतं आणि अघईच्या पोरालाही, म्हणून कुणाच्याच कामाचं नाही.

बिझनेस प्लॅनमध्ये 'भांडवल उभारणी' नावाचा भाग असतो. तिथे लिहायचं असतं, जमीन तारण ठेवून बँकेचं कर्ज. आता आमच्याकडे या. शहापूर अख्खा पेसा तालुका, मुरबाड अंशतः. वर्गातल्या कित्येक पोरांच्या घरी सातबारा नाही, वनपट्टा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने पोराकडे येतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आदिवासी खातेदाराची सातबाऱ्यावरची जमीन असली तरी ३६ 'अ' आहेच, आणि ते असायलाच हवं. ती अट नसती तर आज अर्ध्या पाड्यांच्या जागी फार्महाऊसची कुंपणं दिसली असती. पण मग बँकेत काय घेऊन जायचं? शेतीला विनातारण कर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून २ लाख आहे. त्यात काय बसतं, काय बसत नाही, बचत गट कुठे उपयोगी पडतो, शेतकरी उत्पादक कंपनीत पट्टेधारक सभासद कसा होतो, हा खरा धडा. तो पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी सातबारा होता.

आणि पाणी. 'संसाधनांची उपलब्धता' हा धडा प्रत्येक पुस्तकात असतो. आमचा तो धडा १८९२ पासून पाइपातून मुंबईला जातो. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, सगळं आमच्या उशाला आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावर टँकर. ज्याच्याकडे भात कापल्यावर पाणी नाही त्याचा उद्योग चार महिन्यांचा. त्याला भाजीपाल्याचा प्रोजेक्ट लिहायला लावणं ही थट्टा आहे. खरंतर सध्या तालुक्यात सगळ्यात जोरात चाललेला शेती-उद्योग म्हणजे शेत विकणं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून तर बघायलाच नको. त्या धंद्यातल्या पोरांना कुठल्याही मायनरची गरज पडलेली नाही.

आता पट्टीकडे येतो. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून येणारा हिशोबाचा कागद. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, हाती आलेली रक्कम. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. ते खरंच झालं की तीच रक्कम दुसऱ्या नावाने कापली जाते, हे तुमच्या घरातल्या पट्टीवर दिसेल. २०१५ ची एक पट्टी आणि या वर्षीची एक शेजारी ठेवा. त्या दोन कागदांवर एक सत्र शिकवता येईल. सोबत खर्चाची बाजू: बियाणं, फवारणी, आणि घरच्या बाईची मजुरी, जी कुणीच धरत नाही. भेंडीची तोडणी दिवसाआड, उजाडायच्या आत, हाताला खाज सुटते म्हणून मोजे घालून. एक दिवस चुकला की भेंडी जून झाली, गेली. ती मजुरी हिशोबात धरली की भेंडी फायद्यात आहे की तोट्यात, हे बहुतेक घरांत पहिल्यांदाच कळेल. कदाचित त्या दिवशी भांडणही होईल. होऊ द्या.

याच भेंडीत पोरांना खरं काम आहे. आपली भेंडी परदेशी जाते, पण युरोप भारतातल्या भेंडीची औषधाच्या अंशासाठी जादा तपासणी करतो. तिकडे पाठवायची तर अपेडाच्या हॉर्टीनेटवर प्लॉटची नोंदणी लागते, फवारणीची नोंद लागते. कसारा घाट चढून गेलात की नाशिकवाल्यांनी हा मार खाल्लेला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे त्यांची द्राक्षं युरोपात अडकली होती. मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'ची गोष्ट यशोगाथा म्हणून पीपीटीत येते, तिच्या मागचा हा तोटा येत नाही. गावातल्या दहा प्लॉटची नोंदणी करून फवारणीची वही वर्षभर सांभाळणारा पोरगा मला कुठल्याही पीपीटीपेक्षा जास्त उद्योजक वाटतो. त्या वहीला क्रेडिट द्या.

शेजारच्या वाड्याचंही उदाहरण आहे. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता मुंबईत ज्या गोणीवर 'वाडा कोलम' छापलंय त्यातली किती गोणी वाड्याची, हे दुकानदाराला विचारा, तोही हसेल. मानांकन मिळणं वेगळं आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून ते वसूल करणं वेगळं.

आणि आपल्याच शहापुरातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल विकून दाखवली. वनधन केंद्र उभं केलं, मोठ्या आयुर्वेद कंपन्यांची मागणी आणली, केंद्र सरकारने २०२१ मध्ये दीड कोटीहून जास्त रकमेची मागणी म्हणून त्याचं कौतुक छापलं. त्यांना मायनर नव्हता. त्यांना एखाद्या कॉलेजने शिकवायला बोलावलंय का? नेट-सेट नाही म्हणून नसेल बोलावलं. म्हशाच्या यात्रेत तीस वर्षं बैलांचा सौदा करणाऱ्यालाही नेट-सेट नाही.

माझाही पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते शिकवलं. जाहिरातीचं बिल कसं वसूल करायचं ते नाही. पुढची वीस वर्षं दुसरंच जास्त करावं लागलं.

प्राध्यापकांवर राग नाही. अर्धे तासिका तत्त्वावर आहेत, त्यांचंच पोट चालायची मारामार. त्यांना कुणी वही दिली नाही, गाडीभाडं दिलं नाही, एक पुस्तक दिलं आणि सांगितलं उद्योजक घडवा. पण कृषी विद्यापीठाच्या पोरांना शेवटच्या वर्षी गावात राहून कार्यानुभव करावा लागतो, तर आमच्या पोरांना निदान स्वतःच्या घरच्या शेताचा हिशोब फील्ड प्रोजेक्ट म्हणून का चालू नये? कर्जतचं भात संशोधन केंद्र मुरबाडपासून किती लांब आहे? एक एस.टी. करून जाता येतं.

धसई आठवते ना, मुरबाडची? डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून मंत्री आले, कॅमेरे आले, आम्हीही गेलो, फोटो छापले. नंतर त्या स्वाइप मशीनचं काय झालं ते धसईच्या दुकानदारांना विचारा. आम्ही पत्रकारांनी तेव्हा विचारलं नाही, ही आमची चूक. म्हणून आता पहिल्याच वर्षी विचारतोय. ज्या कॉलेजांनी हा मायनर ठेवलाय त्यांनी माहितीपत्रकात तीन ओळी छापाव्यात: या मायनरवर कुठल्या योजनेला पात्र ठरता, कुठल्या नाही, शिकवणारा कोण, आणि ३०० पैकी किती तास वर्गाबाहेर.

त्या पोराला मी "घे" किंवा "नको घेऊ" म्हटलं नाही. म्हटलं, आज घरी जा, पट्ट्यांची पिशवी काढ, बाबांना शेजारी बसव आणि मग मला फोन कर. काल रात्री फोन आला. सात वर्षांच्या पट्ट्या निघाल्या, दोन ठिकाणी वजनाची बेरीजच चुकलेली आहे.

तुमच्याकडे जुन्या पट्ट्या असतील तर नाव झाकून फोटो इनबॉक्समध्ये पाठवा. भेंडी, काकडी, काहीही चालेल. २०१६ च्या आधीच्या असतील तर फारच बरं.